भोगीच्या भाजीसाठी परसबागेतले गाजर

छत्रपती संभाजीनगर : मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघरी होणाऱ्या भोगीच्या भाजीत ओला हरभरा, पावटा, वांगे, बोर यांच्या जोडीला गाजर हवेच. बहुतेक घरांत ते बाजारातून येते. घरापुढच्या चार हात मोकळ्या जागेतही ते पिकवता येते. पण शहराच्या पश्चिमेस, दौलताबाद रस्त्यावर वसलेल्या पडेगावसारख्या भागात हा प्रयोग करताना हाती बोटभर लांबीची, वेडीवाकडी आणि फाटे फुटलेली गाजरे येण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा मातीचा आणि पाणी देण्याच्या पद्धतीचा असतो. या दोन्ही गोष्टी सुधारणे हाती आहे.

मुळाला अडथळा सोसत नाही

गाजर म्हणजे वनस्पतीचे सोटमूळ. बी रुजताच हे मूळ आधी सरळ खाली जाते आणि जाडी त्यानंतर धरते. वाटेत खडा, मुरमाचा थर वा ढेकूळ आले की मुळाचे टोक दुखावते आणि त्याला दोन-तीन फाटे फुटतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकावर तयार झालेली या परिसरातील जमीन अनेक ठिकाणी उथळ आहे. थोडी माती आणि खाली लगेच मुरूम. त्यात नव्या वसाहतींतील प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा पसरलेला असतो. जेथे काळी माती आहे, तेथे ती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर टणक होते.

अशा ठिकाणी जमीन खोल खणण्यापेक्षा तिच्यावर गादीवाफा करणे सोयीचे ठरते. तीन फूट रुंद, आठ फूट लांब आणि किमान एक फूट उंच वाफा एका कुटुंबाला पुरेसा आहे. कडेला विटा लावून त्यात चाळलेली माती, पूर्ण कुजलेले खत आणि जाडसर वाळू यांचे मिश्रण भरावे. खत ताजे नसावे. अर्धवट कुजलेल्या शेणखतानेही मुळांना फाटे फुटतात, तर नत्र जास्त झाल्यास पाला माजतो आणि गाजरावर केसांसारखी तंतुमुळे येतात. ज्या जागी पूर्वी वांगी किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील, तेथे गाजर घेऊ नये. त्या गाठी सूत्रकृमींमुळे होतात आणि गाजराचेही तेच हाल होतात.

खत घरातच

पडेगावकरांसाठी खताच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोला तेथील ग्रामस्थांनी विरोध केल्यावर शहरात कचराकोंडी झाली. पर्यायी जागांचा शोध सुरू होताच मिटमिटा-पडेगाव भागात नागरिक रस्त्यावर उतरले आणि मार्च २०१८ मध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले. पुढे ज्या ठिकाणी कचरा प्रक्रिया केंद्रे उभारण्यात आली, त्यात पडेगावचाही समावेश होता. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि पालापाचोळा घरीच कुजवला, तर तेवढा कचरा घराबाहेर जात नाही आणि वाफ्याला खत मिळते. झाकणाच्या, भोके पाडलेल्या पिंपात ओल्या कचऱ्यावर कोरड्या पानांचा थर देत गेल्यास दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होते. उन्हाळ्याच्या अखेरीस पिंप भरले, तर ऑक्टोबरच्या पेरणीपर्यंत ते हाताशी येते.

शंभर दिवसांचा हिशेब

गाजर हे थंडीचे पीक आहे. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात त्याला उत्तम रंग येतो. उष्णता वाढली की मूळ आखूड राहते, रंग फिका पडतो आणि गाभा दांडरतो.

पेरणीचा दिवस ठरवताना भोगीपासून मागे मोजावे. भोगी बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते. तेथून १०० दिवस मागे गेल्यास ५ ऑक्टोबर ही तारीख येते. या सुमारास दुपारचे ऊन कडक असल्याने उष्णता सोसणारे लाल, देशी गटातील वाण घ्यावेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा केसर आणि पुसा रुधिरा हे त्यातले प्रसिद्ध वाण. नारिंगी रंगाचे, विलायती गटातील नॅन्टीस थंडी सुरू झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरअखेरपासून पेरावे. त्याचे मूळ आखूड आणि दंडगोलाकार असल्याने उथळ वाफ्यात व खोल कुंडीतही ते जमते. वाफ्याचे तीन भाग करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरणी केली, तर सगळी गाजरे एकाच वेळी काढावी लागत नाहीत.

पहिले दोन आठवडे

गाजराचे बी बारीक असते. एका ग्रॅममध्ये ते शेकड्यांनी भरते. एवढ्या वाफ्याला एक-दोन ग्रॅम बी पुष्कळ होते. ते तळहातावर हलके चोळून कोरड्या वाळूत मिसळावे आणि वीत-वीत अंतरावरील ओळींत जेमतेम एक सेंटीमीटर खोल पेरावे. रोपे तयार करून नंतर लावण्याचा मोह टाळावा. उपटताना सोटमूळ तुटते आणि फाटे ठरलेलेच.

उगवण व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात मातीचा वरचा थर एकदा जरी वाळून कडक झाला, तरी कोंब वर येत नाही. म्हणून वाफ्यावर ओले गोणपाट अंथरावे, झारीने पाणी द्यावे आणि कोंब दिसताच गोणपाट काढून घ्यावे. त्याच ओळीत मधूनमधून मुळ्याचे बी टाकल्यास ते तीन-चार दिवसांत उगवून ओळ दाखवते आणि खुरपणी सोपी होते.

खुरपताना गाजर गवताकडे लक्ष हवे. नाव आणि पानांची नक्षी सारखी असली, तरी ते गाजराच्या कुळातले नाही आणि त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो. खऱ्या गाजराचे पान चोळले की कोथिंबिरीशी नाते सांगणारा वास येतो. रोपे बोटभर उंच झाली की दोन रोपांत सहा-सात सेंटीमीटर अंतर ठेवून विरळणी करावी. हिरवी रोपे उपटताना जीव हळहळतो. पण दाटी ठेवली तर एकही गाजर धड पोसत नाही.

नळाचे पाणी आणि तडे

शहराला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी मिळते. पण काही दिवसांच्या अंतराने नळ येण्याचा अनुभव शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. साहजिकच नळ आला की वाफा तुडुंब भरायचा आणि नंतर पुढच्या पाळीपर्यंत कोरडा ठेवायचा, अशी सवय लागते. गाजराला ती घातक आहे. कोरड्या मातीत आवळलेले मूळ एकदम भरपूर पाणी मिळताच आतून फुगते आणि उभे तडकते. नळाच्या दिवशी पिंप भरून ठेवावे आणि वाफ्याला दिवसाआड साधारण एक बादली पाणी द्यावे. ओळींमध्ये पाचोळा अंथरल्यास ओल टिकते.

पाणी कोणते, हेही महत्त्वाचे. क्षारांना गाजर फार लवकर बळी पडते. त्यामुळे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी किंवा साबणाचे पाणी वाफ्यात सोडू नये. गाजर कच्चे खाल्ले जाते, म्हणून सांडपाणी तर पूर्णपणे वर्ज्य.

काढणी

गाजराचा माथा मातीबाहेर डोकावू लागला की उन्हाने तो हिरवा पडतो आणि कडवट लागतो. तेथे मातीची भर द्यावी. माथा अंगठ्याहून जाड झाला की एखादे गाजर उपटून पाहावे. काढणीच्या आदल्या दिवशी हलके पाणी दिल्यास गाजर न मोडता निघते. जमिनीत जास्त दिवस ठेवल्यास गाभा कठीण होतो.

सगळे जुळून आले, तर अशा वाफ्यातून सहा-सात किलो गाजरे मिळू शकतात. पैशांत मोजले तर ही बचत फार नाही. मात्र कोणते पाणी दिले, कोणते खत घातले आणि फवारणी केली की नाही, हे खाणाऱ्याला ठाऊक असते. गाजरातील बीटा-कॅरोटिनपासून शरीर जीवनसत्त्व ‘अ’ तयार करते आणि ते शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतो. कोशिंबिरीवरची तेलाची फोडणी आणि भोगीच्या भाजीतला तिळाचा कूट हे काम आपसूक करतात.

पहिल्या वर्षी काही गाजरे वाकडी निघतीलच. ती फेकून न देता नीट पाहावीत. फाटा फुटला असेल तर मातीत खडे आहेत, तडा गेला असेल तर पाणी अनियमित झाले, केसाळ असेल तर खत जास्त पडले. पुढच्या ऑक्टोबरात वाफ्यात काय बदलायचे, हे त्यावरून ठरवता येते.