पेडणे : शेजारच्या घरचे वैभव

दूरदूरच्या नगरांची वर्णने आपण आवडीने वाचतो. उंबरठ्याजवळचे गाव मात्र पाहावयाचे राहून जाते. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने ये-जा करू लागली, आणि परमुलुखातील माणसे पेडणे महालात उतरू लागली. त्यांपैकी बहुतेक थेट समुद्रकिनारा गाठतात. आपल्या मुलांनीही आपला महाल तेवढाच ओळखावा काय? देऊळ, वाडा, जत्रा आणि वन्य जीव ही चारही एकाच तालुक्यात पाहावयास मिळतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पेडणे गावात शिरताच श्रीभगवतीचे मंदिर लागते. दाराशी दोन्ही बाजूंस दगडी हत्ती उभे आहेत. मुलांचे पाय तेथे आपोआप थबकतात. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी जुन्या काबिजादींतील देवळे पाडली. पेडणे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते, ते पोर्तुगिजांच्या हाती कायमचे आले १७८८ साली. तोवर काळ पालटला होता, आणि नव्या काबिजादींतील प्रजेच्या धर्माला हात लावावयाचा नाही, असे धोरण ठरले होते. ही हकीकत मुलांना सरळपणे सांगावी. त्यात लपविण्याजोगे काही नाही, शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

जवळच देशप्रभूंचा वाडा आहे. या घराण्याला पोर्तुगीज राजाकडून व्हायकाउंट हा किताब मिळाला होता. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाणारी ही वास्तू आजही घरच आहे. तेव्हा परवानगीवाचून आत जाऊ नये, हे सांगणे नलगे.

गावाची खरी ओळख होते ती आश्विनातील कोजागिरीच्या रात्री. ‘पेडण्याची पुनव’ म्हणून ही जत्रा प्रसिद्ध आहे. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात, आणि गोव्याबरोबरच सिंधुदुर्गातूनही लोक लोटतात. शेजाऱ्याच्या सणाला आपण कसे जावे? पाहुणा जातो तसे. चपला बाहेर काढाव्यात, पूजेच्या आड येऊ नये, थट्टा तर मुळीच करू नये. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले. आदर दाखविल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही.

संध्याकाळी मोरजीच्या वाळूवर जावे. हिवाळ्यात येथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे रात्री अंडी घालावयास येतात. मादी वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, तो बुजविते आणि परत समुद्रात जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात व समुद्रावरील उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. किनाऱ्यावर दिवे झगमगत असले, तर ती बिचारी उलट दिशेस जाऊन मरतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी नेली जात. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा आहे, आणि वनखाते घरट्यांभोवती कुंपण घालून राखण करते. आपण तेथे दिवा न लावता, गलबला न करता, दुरूनच पाहावे.

शेवटी मोपाच्या सड्याविषयी. जांभ्याचा हा कातळ उन्हाळ्यात ओसाड भासतो. पण असे सडे पावसाचे पाणी पोटात मुरवितात आणि पायथ्याचे झरे जिवंत ठेवितात. विमानतळासाठी येथील झाडे गेली, धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. पर्यावरणाच्या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये परवानगी स्थगित केली व जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठविली. विमानतळाने कोणाच्या मुलाला नोकरी दिली असेल, कोणाची काजूची बाग नेली असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जे गेले ते परत येणार नाही. पण उरलेले झरे, उरलेली वाळू आणि शेजाऱ्याशी असलेला सलोखा हे अजून आपल्या हाती आहे.

म्हणून येत्या सुट्टीत पालकांनी मुलांना घेऊन पेडण्यास अवश्य जावे. जे आपण डोळ्यांनी पाहिले नाही, त्याचे रक्षण करावे असे मनातही येत नाही.