अंगावर कमी जाते तेव्हा

आमच्या संध्याकाळच्या वर्गात एकदा धडा बाजूला राहिला आणि बोलणे निराळेच निघाले. वर्गात एक नवी सून येत असे. लग्नाला दीड वर्ष झाले होते. पाटीवर अक्षरे गिरवता गिरवता तिने हळूच विचारले, "बाई, मला पाळीत दीडच दिवस जातं. कपड्यावर नुसता डाग पडतो. घरात म्हणतात, घाण आत साठलीय, म्हणून मूल राहत नाही. खरं का हो?"

शेजारच्या आजीबाई लगेच म्हणाल्या, "खरंच तर! सगळं बाहेर पडायला हवं. नाही पडलं तर डोक्यात चढतं."

त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले आणि याच विषयावर बोललो. ते बोलणे येथे लिहून काढले आहे. पुरुषांनीही ते वाचावे. त्यांच्याही घरात बायको आहे, लेक आहे.

पाळी म्हणजे काय, ते आधी पाहू. बाईच्या ओटीपोटात मुठीएवढी एक पिशवी असते. तिला गर्भाशय म्हणतात. पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. दर महिन्याला पिशवीला आतून मऊ अस्तर येते. पाहुणा येणार म्हणून आपण चांगली गोधडी काढून अंथरतो ना, तसेच. गर्भ राहिला तर तो या अस्तरात रुजतो. नाही राहिला तर अस्तर सुटते आणि रक्ताबरोबर बाहेर पडते. तीच पाळी.

आता नीट ध्यानात घ्या. अंगावर कमी गेले, याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की, त्या महिन्यात अस्तर पातळ आले होते. जे तयारच झाले नाही, ते आत साठणार कोठून? पाळीचे रक्त घाण नव्हे. आणि पिशवीतून डोक्याकडे जाणारी वाटच नाही. आजीबाईंना हे पटायला वेळ लागला, पण पटले.

मग किती गेले म्हणजे ठीक? सबंध पाळीत मिळून साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. हे ऐकून वर्गातल्या बायका हसल्या. "एवढंच? आम्हाला वाटलं, तांब्याभर जातं!" कपड्यावर पसरते, म्हणून फार दिसते. एका चमच्याहूनही कमी जात असेल, तर ती फार कमी पाळी समजतात. दिवस मात्र कोणाचे दोन, कोणाचे सात. पाळी 24 ते 38 दिवसांच्या अंतराने येत असेल, तर तेही ठीक.

एखादीला न्हाण आल्यापासूनच दोन दिवस जाते. तारखेला येते, अंगात ताकद आहे, दुसरे काही दुखणे नाही. अशा बाईला काही झालेले नाही. तिने औषध शोधत हिंडू नये. कमी जाते म्हणून मूल होणार नाही, असेही नाही. पण पूर्वी चार दिवस जात होते आणि आता एकदम डागावर आले, तर कारण पाहायला हवे.

कारणे पुष्कळ आहेत. मुलीला नुकतेच न्हाण आले असेल, तर दोन-तीन वर्षे पाळी मागेपुढे, कमीजास्त होते. पंचेचाळिशीच्या आसपास पुन्हा तसेच होते. अंगावर पिणारे मूल असले, तरी पाळी कमी येते. सरकारी दवाखान्यात माला-एन आणि छाया या गोळ्या मिळतात, अंतरा नावाचे इंजेक्शन मिळते. मूल लांबवण्यासाठी ती घेणाऱ्या बायकांना बरेचदा कमी जाते. अंतरा घेतल्यावर पाळी काही महिने बंदही राहते. त्यात भिण्यासारखे नाही. तांबीचे मात्र उलट असते. तांबीने जास्त जाते.

काही कारणे आजाराचीही असतात. गळ्याशी थायरॉईड नावाची ग्रंथी असते. ती फार जोरात काम करू लागली, तर छाती धडधडते, वजन उतरते आणि पाळी कमी होते. पिशवी साफ केल्यानंतर कधी आतल्या बाजू चिकटतात. आणि एक आजार असा आहे की, तो लवकर कळत नाही. तो म्हणजे पिशवीचा क्षय. क्षय फक्त छातीत होतो असे आपण समजतो, पण तो पिशवीतही होतो. खोकला नसतो. पाळी कमी कमी होत जाते आणि दिवस राहत नाहीत. लोक सुनेला वांझ म्हणून मोकळे होतात आणि दुखणे आत तसेच वाढते. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आता सर्वांत जपायची गोष्ट सांगतो. कधी कधी दिवस गेलेले असतात आणि तरीही थोडा डाग दिसतो. बाई समजते, पाळी आली, पण कमी आली. घरातले 'उष्ण' काढा पाजतात. कोणी दुकानातून पाळी मोकळी करणारी गोळी आणून देते. त्या गोळीने रक्त वाहू लागले, तर बाईच्या जिवावर बेतते. गर्भ कधी पिशवीबाहेर नळीत रुजलेला असतो. तेव्हा डाग दिसतो, एका बाजूला पोट दुखते, भोवळ येते. अशा वेळी घटकाभरही घरी थांबू नका. म्हणून नेहमीपेक्षा कमी गेले, तर आधी आशाताईकडे जा आणि लघवीची तपासणी करून घ्या. ते कळेपर्यंत काढा नको, गोळी नको.

वर्गातल्या एकीने विचारले, "शहरात म्हणे योगासनं करून पाळी सुधारते. आम्ही केली तर?"

करा, जरूर करा. पण योग काय करतो आणि काय करत नाही, हे समजून करा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचा हुकूम अंडाशयांना जातो, अंडाशयांचा पिशवीला. बाईला अन्न अपुरे पडले, काम फार झाले किंवा काळजी मन पोखरत राहिली, तर वरचा हुकूमच ढिला पडतो. दुष्काळात शेतकरी नवी लागवड करत नाही. तसे शरीरही म्हणते, सध्या बाळाची तयारी नको. योगाचा उपयोग होतो तो येथे. मन निवते, झोप लागते, पाळीतली पोटदुखी कमी होते. पण अमुक आसनाने रक्त वाढते आणि तीन दिवसांत पाळी मोकळी होते, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नका.

योग म्हणजे मंत्रतंत्र नव्हे. लोणावळ्याला 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढले. आसने करताना शरीरात काय घडते, ते यंत्रे लावून पाहायला त्यांनी सुरुवात केली. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी खास बायकांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. पाळीच्या दिवसांत काय करावे आणि काय टाळावे, हे त्यांनी पुष्कळांना शिकवले.

दोन-तीन सोपी आसने सांगतो. सतरंजीवर ताठ बसा. दोन्ही तळपाय एकमेकांना जुळवा, टाचा अंगाजवळ घ्या आणि गुडघे बाजूंना सोडा. गुडघे जमिनीला टेकले नाहीत तरी चालेल, जोर देऊ नका. दहा-पंधरा श्वास तसेच बसा. हे भद्रासन. मग हात आणि गुडघे टेकून मांजरासारख्या उभ्या राहा. श्वास घेताना पाठ खाली सोडा, श्वास सोडताना वर उचला. हे मार्जारासन. शेतात दिवसभर वाकलेल्या कमरेला याने फार बरे वाटते. शेवटी उताणे पडून अंग सैल सोडा, डोळे मिटा, दहा मिनिटे पडून राहा. हे शवासन. दिसायला हे सर्वांत सोपे, पण बायकांना हेच सर्वांत जड जाते. आडवे पडले की कोणीतरी हाक मारतेच! घरच्यांनी दहा मिनिटे हाक मारू नये.

पाळीच्या दिवसांत उलटे होण्याची आसने आणि कपालभाती करू नये, असे शिकवणारे सांगतात. दिवस गेले असतील, तर पोटावर दाब येणारे काहीच करू नका.

आणखी एक. ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेल्या बाईला आम्ही सूर्यनमस्कार घालायला सांगणार नाही. तिचे अंग आधीच शिणलेले असते. तिला विसावा हवा आणि पोटभर जेवण हवे. सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्यावरची उरलेली अर्धी भाकरी खायची, हे बंद व्हायला हवे. डाळ, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी पोटात जाऊ दे. जमत असेल तर अंडे. भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका, म्हणजे अन्नातले लोह अंगी लागते. अंगावर कमी जाते म्हणून अंगात रक्त कमी, असा हिशेब नसतो. ते बोटातून थेंब काढून तपासतात. 12 च्या खाली आले, तर लोहाच्या गोळ्या घ्यायच्या.

तीन महिने पाळी आलीच नाही, दर महिन्याला पोट खूप दुखते पण जात नाही, वजन उतरते, संध्याकाळी कणकण येते, किंवा वर्षभर मूल हवे असून राहत नाही, यांपैकी काही असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मुलासाठी जात असाल, तर नवऱ्यालाही बरोबर न्या. तपासणी दोघांचीही करतात.

त्या सुनेला आम्ही एक काम दिले होते. आकडे तिला येऊ लागले होते. पाळी सुरू झाली की वहीत तारीख लिहायची आणि जितके दिवस जाईल तितके ठिपके द्यायचे. पुढे ती नवऱ्याबरोबर केंद्रात गेली. वजन भरले 37 किलो, रक्त 9. दिवस गेलेले नव्हते, क्षयही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. सासूला बोलावून सांगितले, "हिला तुमच्या बरोबरीनं जेवायला बसवा." वही पाहून त्या म्हणाल्या, "हे बरं केलंस. तोंडी विचारलं की कोणाला तारीख आठवत नाही."

मागच्या महिन्यात तिने ती वही आम्हाला दाखवली. एका तारखेपुढे दोन ठिपके, पुढच्या तारखेपुढे दोन, मग तीन, मग पुन्हा दोन. वजन 41 झाले आहे.