एकच पासवर्ड सगळ्यांकडे? गुगल वर्कस्पेसमध्ये ग्रुप आणि परवानग्या अशा लावा



गल्ल्याची किल्ली आपण प्रत्येक कामगाराला देत नाही. पण दुकानाच्या ईमेलचा पासवर्ड मात्र काउंटरवरच्या मुलापासून अकाउंटंटपर्यंत सगळ्यांकडे असतो. उद्या त्यातला एक जण समोरच्या दुकानात लागला, तर तुमचे खरेदीचे रेट आणि ग्राहकांची यादी त्याच्या मोबाइलमध्येच असणार. व्हिडिओतल्या स्टेप्स इथे थोडक्यात देतोय.

१. प्रत्येकाचं वेगळं खातं. अॅडमिन कन्सोलमध्ये युजर बनवा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. कोणी काय बदललं ते मग नावासकट दिसतं.

२. ग्रुप कामाप्रमाणे करा. सेल्स, हिशोब, गोडाऊन, एवढे तीन सुरुवातीला पुरे.

३. फोल्डर माणसाला नाही, ग्रुपला शेअर करा. विक्रीची रेट लिस्ट सेल्सला ‘व्ह्यूअर’ म्हणून, म्हणजे फक्त बघता येईल. हिशोब ग्रुपला ‘एडिटर’. खरेदीचे रेट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण फोल्डरची परवानगी आतल्या सगळ्या फाइल्सना लागू होते. एडिटरने पुढे कुणाला शेअर करू नये यासाठी शेअरिंगच्या सेटिंगमध्ये ती टिक काढा.

४. सुपर अॅडमिन दोनच: तुम्ही आणि घरातलं एक विश्वासाचं माणूस. स्टाफचे पासवर्ड रीसेट करायला कोणी हवं असेल तर त्याला ‘हेल्प डेस्क अॅडमिन’ एवढाच रोल द्या.

५. कोणी काम सोडलं तर त्याच दिवशी खातं सस्पेंड करा, घाईत डिलीट नको. मेल आणि फाइल्स जागेवर राहतात. पण सस्पेंड खात्याचेही पैसे लागतात, म्हणून फाइल्स दुसऱ्याच्या नावावर करून मग डिलीट करा. चूक झालीच, तर डिलीट केलेला युजर २० दिवसांपर्यंत परत आणता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं शेअरिंग चालू राहिलं, तर ग्रुपमधून काढलेला माणूसही ती फाइल उघडू शकतो. आणि एखादं बिलिंग अॅप ‘गुगलने साइन इन’ करताना ड्राइव्हच्या सगळ्या फाइल्स बघायची, डिलीट करायची परवानगी मागत असेल, तर ‘अलाउ’ दाबण्याआधी विचारा: याला खरंच एवढं लागतं का?

आज एकच काम करा. एका कागदावर तीन रकाने आखा: कोण, कुठलं फोल्डर, बघणार की बदलणार. हा कागद तयार असेल तर बाकीचं सेटिंग सोपं जातं.