मूसिक सुत्त : बीळ खणणारे आणि बिळात राहणारे

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून सर्वांना परिचित आहे. मराठवाड्यातील कोणत्याही काळ्या रानाप्रमाणे या गावाच्या शिवारातही जमिनीखाली एक दुसरे गाव वसलेले असते. बांधाच्या कडेला ताज्या मातीचा ढिगारा दिसला, की उंदराने रात्री बीळ उकरले हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. हेच नित्याचे दृश्य तथागतांनी धम्मोपदेशासाठी उपमा म्हणून योजिले आहे.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात 'मूसिक सुत्त' आहे. 'मूसिक' म्हणजे उंदीर. उंदीर चार प्रकारचे असतात, असे तेथे सांगितले आहे. एक बीळ खणतो, पण त्यात राहत नाही. दुसरा राहतो, पण खणत नाही. तिसरा खणतही नाही व राहतही नाही. चौथा खणतो आणि राहतोही. पालीत खणणाऱ्यास 'कत्ता' व राहणाऱ्यास 'वसिता' असे शब्द असून बिळासाठी 'गाध' हा शब्द आला आहे.

हे चारही प्रकार आपल्या रानात डोळसपणे पाहिल्यास आढळतात. शेतातील उंदीर व घूस स्वतः बीळ खणतात, त्यात धान्य साठवितात आणि पिलेही तेथेच वाढवितात. नागाला हातपाय नाहीत. तो खणू शकत नाही. उंदराचे बीळ किंवा वाळवीने उभारलेले वारूळ हाच त्याचा आसरा होय. ससा बिळात राहतो असे पुष्कळांना वाटते. परंतु आपल्याकडील रानससा बीळ करीत नाही, गवतात दबा धरून बसतो. वेडा राघू हा पक्षी चोचीने मातीचा काठ कोरून बोगदा करतो. मात्र पिले उडाली, की त्याचा मुक्काम पुन्हा झाडावर असतो.

सुत्तातील अर्थ मात्र माणसाविषयी आहे. सुत्त, गेय्य, गाथा, जातक इत्यादी नऊ अंगांचे अध्ययन म्हणजे बीळ खणणे. चार आर्यसत्ये यथार्थपणे जाणणे म्हणजे त्या बिळात राहणे. ज्याने अध्ययन केले पण आर्यसत्ये जाणली नाहीत, तो पहिल्या उंदरासारखा. ज्याने अध्ययन केले नाही पण आर्यसत्ये जाणली, तो दुसऱ्यासारखा.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 'आयत्या बिळावर नागोबा' असे आपण निंदेने म्हणतो, कारण तेथे एकाच्या श्रमावर दुसरा डल्ला मारतो. सुत्तातील दुसऱ्या उंदराकडे मात्र या दृष्टीने पाहता येत नाही. धम्म जाणल्याने दुसऱ्याचे काही हिरावले जात नाही. ज्या आईला अक्षरओळख नाही, परंतु जिने दुःख, त्याचे कारण आणि त्यातून सुटण्याचा मार्ग जीवनातून ओळखला आहे, ती या दुसऱ्या कोटीत बसू शकते. उलट आम्ही पाली शिकविणारे, विभक्ती व धातू उकरणारे, पहिल्या कोटीत अडकण्याचा धोका मोठा आहे. मातीचा ढिगारा मोठा दिसतो, म्हणून आत कोणी राहते असे सिद्ध होत नाही.

म्हणून अध्ययन सोडावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सुत्तात चौथा प्रकारही आहेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचे व्याकरण व कोश यांवर परिश्रम घेतले. ते कार्य 1998 मध्ये शासनाच्या ग्रंथमालेतील 16व्या खंडात प्रकाशित झाले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी धम्म स्वीकारला. त्यांच्या ठायी अध्ययन आणि आचरण यांची फारकत नव्हती. विहारात ग्रंथ उघडून बसणाऱ्या प्रत्येकाने, आपण केवळ खणत आहोत की राहतही आहोत, हे अधूनमधून स्वतःलाच विचारावे.