खरी वाढ कोणती?

उत्पन्नाचा आकडा फुगला म्हणजे गावाची प्रगती झाली, असे नव्हे. एकाचा ऊस पिकला व शेजाऱ्याची विहीर आटली, तर ती वाढ टिकाऊ नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने १९८९ नंतर, श्री. पोपटराव पवार सरपंच असताना, निराळा मार्ग धरला. श्रमदान व शासकीय योजना यांच्या जोडीने मृद्‌संधारण केले. चराईबंदीमुळे चारा व दूध वाढले. शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य ठरविल्या. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून प्रथम पिण्याचे पाणी राखतात, मग पिके ठरवितात. मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली. शेवटच्या घराला वाटा मिळून उद्याचे पाणी शिल्लक राहते, तीच उत्तम वाढ होय. ग्रामसेवकांनी आपल्या गावाचाही असा ताळेबंद अवश्य मांडावा.