सरासरीआड दडलेली सळई

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्यांनी आम्हांला सरासरी काढावयास शिकविले. कोगनोळी सोडून कोल्हापूरकडे एका चाचणी प्रयोगशाळेत नोकरीस लागल्यावर मला उमगले, की ही विद्या अर्धीच आहे. उरलेल्या अर्धीविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या निपाणी भागातला मुरलेला व्यापारी तंबाखूच्या पोत्यात हात घालून मूठभर माल काढतो आणि त्यावरून साऱ्या पोत्याचा भाव करतो. सळईचेही तसेच. यंत्रात ताणून तोडलेला तुकडा पुन्हा स्लॅबमध्ये घालता येत नाही. म्हणून थोडे तुकडे तोडून न तोडलेल्या सळयांविषयी अनुमान बांधावे लागते.

घरबांधणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एफई ५००' सळईत ०.२ टक्के कायमची लांबी उरण्यासाठी दर चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन ताण लागला पाहिजे, असे भारतीय मानक १७८६ सांगते. समजा, दोन कारखान्यांच्या मालाची सरासरी सारखीच, ५२० आली. आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते पहिल्याचे ६, दुसऱ्याचे २० आहे. आकड्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा असेल, तर सरासरीतून विचलनाची १.६५ पट वजा केली असता जी मर्यादा येते, तिच्याखाली शेकडा पाचच सळया राहतात. पहिल्याची ही मर्यादा ५१० येते, दुसऱ्याची ४८७! दुसऱ्याच्या शंभरांतील सुमारे सोळा सळया ५०० च्या खाली जातील, आणि सरासरी मात्र याविषयी चकार शब्द काढणार नाही.

अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण आलेख मांडला. सरासरीच्या वर व खाली तीन विचलनांवर रेघा आखावयाच्या आणि रोजचे ठिपके पाहावयाचे. तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा कमी पडू लागला, तर तिचे कठीण बाह्यकवच पातळ होते. ठिपके हळूहळू उतरू लागतात आणि माल नापास होण्याआधीच कारागीर सावध होतो. अर्थात, ठिपके खरे असतील तर.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून ४८८ चा आकडा निघाला. नमुना नापास झाल्यास आणखी दोन घ्यावेत, दोन्ही उत्तीर्ण झाले तर माल स्वीकारावा, अशी मानकातच सोय आहे. आम्ही दोन घेतले. दोन्ही उत्तीर्ण झाले. माल नियमाने गेला. परंतु वरिष्ठ म्हणाले, "ते पहिले पान कशाला ठेवता? नव्याने लिहा." मी लिहिले. त्या एका खाडाखोडीने सरासरी चढली, विचलन घटले. सळई होती तशीच राहिली. महिनाअखेरच्या आलेखावर ठिपके किंचित उतरलेले दिसावयास हवे होते, ते सरळ रेषेत दिसले.

त्यानंतर मी शिसपेन्सिल वापरणे सोडले. नापास आकड्याभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढावयाचे आणि शेजारी पुढच्या दोन नमुन्यांचे आकडे लिहावयाचे, ही सवय निवृत्तीपर्यंत राहिली. ४८८ चे ते पान मात्र मला पुन्हा लिहिता आले नाही.