वाचताना अडणारी नजर काय सांगते?

नजर सरकत नाही, उड्या मारते

वाचताना आपली नजर ओळीवरून सलग सरकते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती उड्या मारत जाते, दर उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबते आणि अधूनमधून मागेही वळते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली अक्षमता, असलेल्या मुलाची नजर जास्त वेळ थांबते, उड्या आखूड पडतात आणि मागे वळणे वाढते.

कॅमेरा काय टिपतो

नजर टिपणाऱ्या आय ट्रॅकर या यंत्रातून डोळ्यांवर न दिसणारे अवरक्त किरण पडतात. त्यांची डोळ्यातली चकाकी आणि बाहुली यांच्या स्थितीवरून नजर कुठे आहे हे कॅमेऱ्याला कळते. मूल फक्त एक उतारा वाचते.

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली १८५ मुलांच्या अशा नोंदी संगणकाला तपासायला दिल्या. त्यातली ९७ मुले वाचनात फार मागे होती, ८८ नव्हती. एक मिनिटाहूनही कमी वेळाच्या नोंदीवरून संगणकाने सुमारे ९६ टक्के मुले बरोबर ओळखली. मात्र हे गट मुद्दाम निवडलेले होते. नेहमीच्या वर्गात काठावरची मुलेही असतात, तिथे इतक्या अचूकतेची अपेक्षा धरू नये.

दोष डोळ्यांचा नाही

पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. नजर अडखळते म्हणून वाचता येत नाही असे नसून, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नाही म्हणून नजर अडखळते. त्यामुळे डोळ्यांच्या व्यायामावर पैसे घालवू नका. चष्म्याचा नंबर जरूर तपासा, पण डिस्लेक्सियावर तो उपाय नाही. उपयोग होतो तो अक्षर-ध्वनीच्या क्रमवार, नेमाने घेतलेल्या सरावाचा. नजरेची नोंद हा सराव कोणाला हवा आणि त्याने फरक पडतो का, एवढेच दाखवते.

मराठीचे काय?

‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो, त्यात जोडाक्षरांची भर. स्वीडिश मुलांवरून ठरवलेले निकष मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, मराठी मुलांच्या नोंदी गोळा कराव्याच लागतील. तोवर राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीत आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मूल वाचनात सतत मागे पडत असेल, तर ‘आळशी आहे’ म्हणून वर्ष घालवू नका. शाळेकडे तपासणीची मागणी करा.